उभ्या घराचे हेलकावे

रस्त्यावर ताशी साठ मैलांच्या वेगाने धावताना जे वाहन आपल्या जातीतील इतर वाहनांपेक्षा अधिक स्थिर राहते, तेच मुक्कामाला पोहोचून ओढणाऱ्या मोटारीपासून सुटे झाले, की आतल्या माणसाने नुसती कूस बदलली तरी डुलू लागते. अमेरिकेत ज्याला फिफ्थ व्हील ट्रेलर म्हणतात, त्या चाकांवरच्या मोठ्या घराचा हा जन्मस्वभाव आहे, आणि त्याचा दोष कोणा एका कारखानदाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. प्रवासासाठी वाहन मऊ हवे आणि निवासासाठी घर ताठ हवे, या दोन मागण्या एकाच सांगाड्याकडून पुऱ्या करून घेण्याचा खटाटोप गेली शंभर वर्षे चालू आहे. त्या खटाटोपाच्या इतिहासात लोहार आणि वैमानिक जसे भेटतात, तसेच न्यायाधीश आणि करवसुलीचे अंमलदारही भेटतात.

घोड्यांच्या चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळता यावा म्हणून तो आस आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये लोखंडाचे एक आडवे कडे बसवीत असत. चार चाके जमिनीवर आणि हे पाचवे त्यांच्या वर आडवे निजलेले, म्हणून कारागिरांनी त्याला फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवे चाक, हेच नाव दिले. मोटारयुगात ही कल्पना मालवाहतुकीच्या कामी आली. 1914 साली डेट्रॉइटमधील फ्रेडरिक सिब्ली नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली नाव मिशिगनच्या उत्तर भागातील सरोवरावर न्यायची होती, तेव्हा त्याने ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराकडून फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमागे जोडता येईल असे एक वाहन करवून घेतले. नाव सुखरूप पोहोचली. मग व्यापारीच तो, वखारीतले लाकूड वाहण्यासाठी त्याने तसलीच आणखी वाहने मागविली. 1918 साली फ्रुहॉफ ट्रेलर कंपनी रीतसर स्थापन झाली, आणि पुढची चाके नसलेला, आपल्या भाराचा एक हिस्सा ओढणाऱ्या ट्रकच्या पाठीवर टाकणारा अर्धट्रेलर हा अमेरिकन मालवाहतुकीचा कणा बनला.

या व्यवस्थेतला खरा लाभ द्रव्याचा होता. ट्रकमध्ये इंजिन असल्याने तो महाग आणि ट्रेलर स्वस्त. म्हणून हमाल माल उतरवीत असताना ट्रकने तिष्ठत राहू नये, ट्रेलर तिथेच सोडून दुसरा घेऊन निघून जावे, अशी ती योजना. पण पुढची चाकेच नसल्याने सोडलेला ट्रेलर नाकावर आपटणार, हे उघड होते. आपल्याकडे बैल सोडल्यावर गाडीच्या दांडीखाली टेकू लावतात, त्याच न्यायाने या ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली खालीवर होणारे दोन पाय आले. न्हावाशेवा बंदराच्या रस्त्यावर कंटेनर घेऊन उभ्या असलेल्या कोणत्याही ट्रेलरखाली ते आजही पाहता येतात. या पायांकडून अपेक्षा एकच होती: उभा भार पेलणे. बाजूने येणारा रेटा सोसणे हे त्यांचे काम कोणी मानलेच नव्हते, कारण पोत्यांनी किंवा फळ्यांनी रात्री झोप लागत नाही म्हणून फिर्याद केल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. माल वाहण्यासाठी योजलेले हे पाय पुढे माणसे राहत असलेल्या घराखाली जसेच्या तसे गेले, आणि आपल्या विषयातील निम्मे दुःख या वारशातून आले आहे.

माणसांच्या निवासासाठी ही जोडणी वापरण्याचे श्रेय ज्याला प्रामुख्याने द्यावे लागते, तो ग्लेन कर्टिस हा मोठा विलक्षण पुरुष होता. न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्ट गावी 1878 साली जन्मलेला हा सायकल दुरुस्त करणारा माणूस मोटारसायकलींकडे वळला, 1907 साली त्याने आपल्या मोटारसायकलवर ताशी 136 मैलांचा वेग गाठला, आणि त्यानंतर लगेच तो विमानांच्या मागे लागला. राइट बंधूंनी त्याच्यावर 1909 साली लावलेला आणि पुढे वर्षानुवर्षे लांबलेला दावा ज्या मुद्द्यावर होता, तो मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने मौजेचा आहे: हवेत डावीउजवीकडे कलणारे यंत्र पुन्हा समतोल कसे करावे, आणि ते करण्याच्या युक्तीवर मालकी कोणाची. ज्याचे आयुष्यातील उमेदीचे दिवस बाजूच्या हेलकाव्यासंबंधीच्या कज्जात खर्ची पडले, त्यानेच पुढे या ट्रेलरला जन्म द्यावा, हा योग केवळ योगायोग असला तरी चरित्रकाराच्या लेखणीला मोह पाडणारा आहे.

महायुद्धानंतर कर्टिस फ्लोरिडात स्थायिक झाला. तिथे त्याने जमिनीच्या व्यवहारात पैसा मिळविला आणि हायलिया, मायामी स्प्रिंग्ज व ओपा-लॉका ही नगरे वसविण्यात मोठा भाग घेतला. यांपैकी ओपा-लॉकाच्या इमारतींना त्याने अरबी कथांतल्या घुमटांचे आणि मिनारांचे रूप दिले व रस्त्यांना अलीबाबासारखी नावे दिली. अमेरिकन धनिकांच्या हौसेला सीमा नसते हेच खरे. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत शिकारीला जाण्याचे त्याला वेड होते, आणि त्या वेडापायी त्याने स्वतःसाठी राहण्याजोगे ट्रेलर बांधण्यास आरंभ केला. 1928 पासून विक्रीस आलेल्या त्याच्या एरोकारचा सांगाडा त्याने विमानाच्या धडासारखा केला: हलक्या लाकडी पट्ट्यांच्या चौकटी आणि त्यांना कोपऱ्याकोपऱ्यांतून तिरप्या ताणलेल्या तारा. जोडणीसाठी त्याने ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या भागात विमानाचे एक हवा भरलेले चाक आडवे बसविले आणि त्याच्या मध्यात ट्रेलरची खीळ उतरविली. रस्त्यावरचे हिसके ते रबरी चाकच गिळून टाकी. पाचव्या चाकाचे नाव इतके सार्थ पूर्वीही कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

कर्टिस 1930 साली वारला. त्याच्या एरोकारला श्रीमंत गिऱ्हाईक मिळाले, पण सामान्य अमेरिकन माणूस बंपरमागे जोडायच्या साध्या ट्रेलरकडेच वळला. 1919 साली टँपा शहरातील डी सोटो उद्यानात तंबू ठोकून एकत्र आलेल्या, टिन कॅन टूरिस्ट्स म्हणविणाऱ्या प्रवाशांपासून या चळवळीचा आरंभ धरतात. मंदीच्या काळात तिला बेघरांची आणि बेकारांचीही जोड मिळाली, आणि एका नामांकित अर्थपंडिताने, रॉजर बॅबसनने, वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवर राहायला जाईल असे भविष्यही वर्तविले. भविष्य खोटे ठरले, पण नगरपालिका मात्र घाबरल्या. घरपट्टी न देता गावाच्या हद्दीत राहणारा, गावची शाळा व गावचे पाणी वापरणारा हा रहिवासी नक्की कोण, असा प्रश्न उभा राहिला, आणि 1936 साली मिशिगनमधील ऑर्चर्ड लेक या गावच्या खटल्यात स्थानिक न्यायाधीशाने, ज्यात निजण्याची व स्वयंपाकाची सोय आहे तो ट्रेलर मनुष्याचे निवासस्थानच होय, असा निवाडा दिला. निवासस्थान ठरल्यावर घरासाठी किमान क्षेत्रफळाची जी अट गावाने घातली होती ती लागू झाली, आणि ट्रेलर ती पुरी करूच शकत नव्हता.

हा सर्व कायद्याचा मामला हेलकाव्यांच्या इतिहासात आणण्याचे कारण असे, की ट्रेलर निश्चल करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय पहिल्यापासून सर्वांना ठाऊक होता. चाके काढावीत आणि सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवावा. दुसऱ्या महायुद्धात विलो रन येथील फोर्डच्या बाँबफेकी विमानांच्या कारखान्यासारख्या ठिकाणी लक्षावधी मजूर लोटले, तेव्हा सरकारने त्यांच्यासाठी हजारो ट्रेलर खरीदले, आणि तात्पुरता म्हणून आलेला मुक्काम वर्षावर्षाचा झाला. 1954 साली विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रे याने रस्त्याची आठ फुटांची मर्यादा ओलांडून दहा फूट रुंदीचे घर बाजारात आणले, तेव्हा या धंद्याची कायमची वाटणी झाली. एका शाखेने एकदा जागेवर जाऊन बसायचे आणि पुन्हा सहसा हलायचे नाही असे ठरवून मोबाइल होम हे नाव घेतले. दुसरी शाखा चाकांना, नंबरपाटीला आणि वाहन म्हणून मिळणाऱ्या मोकळिकीला चिकटून राहिली. अनेक राज्यांत चाके उतरवून घर पक्क्या पायावर बसविले, की त्याची नोंद वाहनांच्या दफ्तरातून निघून स्थावर मालमत्तेत जाते, आणि पाठोपाठ कर आकारणारा अंमलदार येतो. तेव्हा प्रवासी ट्रेलरचे डुलणे हा एका अर्थी त्याच्या स्वातंत्र्याचा कर आहे; डुलणे परवडले, पण आकारणी नको, असा हिशेब त्यात आहे.

कर्टिसची जोडणी 1970च्या आसपास पुन्हा वर आली, ती पिकअप ट्रकांच्या प्रसाराबरोबर. ट्रकच्या मागच्या हौद्यात, मागील आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, जबडा असलेली एक पोलादी तबकडी बसवायची आणि ट्रेलरच्या पुढे आलेल्या उंच भागाखालची दोन इंच व्यासाची किंगपिन तिच्यात अडकवायची. बंपरमागच्या जोडणीत मोठ्या ट्रेलरची शेपटी वाऱ्याने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकने एकदा डोलू लागली, की ती ओढणाऱ्या मोटारीलाही हिसडे देऊ लागते. कित्येक अपघात असे घडले आहेत. किंगपिन आसावरच आल्याने हे हिसडे जवळजवळ नाहीसे झाले, आणि ट्रेलरच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर आल्याने दोन्ही वाहने एकजीव झाली. शिवाय ट्रकच्या हौद्यावरच्या त्या उंच भागात एक निजण्याची खोली फुकट मिळाली. ट्रेलर लांब झाले, उंच झाले, आणि दहा हजार पौंडांच्या पुढे गेले.

पण ट्रक सुटताच हा सगळा साधलेला मेळ मोडतो. निजण्याची खोली पायांच्याही पुढे अधांतरी राहते. पुढचे पाय, ट्रकच्या हौद्याची उंची गाठायची म्हणून, खूप लांब असतात. हे पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन चौकोनी नळ्या. सरकता यावे म्हणून त्यांच्यात फट ठेवलेली, आणि ती फट वरच्या मजल्यावर मोठी होऊन जाणवते. एका टोकाला घट्ट धरलेल्या कांबीला दुसऱ्या टोकाशी बाजूने रेटले असता तिचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे लांबी दुप्पट केली तर वाकणे आठपट. तेव्हा पाय जितका बाहेर काढावा तितका तो दुबळा. मागे चाकांपाशी गेलो तर टायरच्या बाजू रबरी, त्यांच्यावर कमानपाटे, आणि दोन आसांचे पाटे जोडणाऱ्या दांड्या व त्यांतले बोल्ट, जे झिजून सैल होतात. प्रवासात हा सर्व सैलपणा सांगाड्याला जपतो. मुक्कामात तोच शत्रू होतो. स्नानगृहातून कोणी बाहेर आले हे दुसऱ्या टोकाला निजलेल्याला गादीवरून कळते.

या डुलण्याच्या दिशा तीन, आणि त्यांचे उपाय निरनिराळे, हे ध्यानी यायला लोकांना बराच काळ लागला. आरंभी सर्वांनी मागच्या कोपऱ्यांखाली कात्रीच्या आकाराचे जॅक लावले. ट्रेलरचे मागचे टोक खालीवर उडायचे थांबले, पण आडवे डुलणे आणि पुढेमागे सरकणे तसेच राहिले. आणि पुष्कळांनी या जॅकांनी ट्रेलर उचलण्याचाच प्रयत्न करून सांगाडा पिळवटून घेतला. जॅक हा आधार द्यायचा, उचलायचा नाही, ही ताकीद कारखानदार तेव्हापासून आजतागायत देत आले आहेत. एक जुनी युक्ती मात्र फार सुरेख आहे: पुढचे पाय इष्ट उंचीपेक्षा जरा आखडून ट्रेलरचे नाक खाली करायचे, त्यामुळे मागची बाजू वर येते, मग मागचे जॅक जमिनीला भिडवायचे आणि नंतर पुढचे पाय वाढवून ट्रेलर समपातळीत आणायचा. पुढे चढवलेला भार मागच्या जॅकांना आपोआप दाबून धरतो. हाताच्या ताकदीने हा दाब साधणे दुष्कर आहे.

समपातळी आणि स्थैर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ होण्यास एका उपकरणाने हातभार लावला. स्टॉकहोममधील फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 साली उष्णतेवर चालणारे, पंप नसलेले शीतकपाट शोधून काढले, आणि पुढे गॅसवर चालणारे तसले कपाट ट्रेलरमध्ये घरोघर आले. त्यातले अमोनियाचे द्रावण केवळ गुरुत्वाने वाहते. ट्रेलर कललेला असेल तर ते अडून बसते आणि कपाट निकामी होते. म्हणून प्रत्येक मालक पाणसळ घेऊन पातळी पाहू लागला, एका बाजूच्या चाकांखाली फळ्या सरकवू लागला, आणि बुडबुडा मध्यावर आला की काम संपले असे समजू लागला. पातळीत असलेला ट्रेलर तरीही डुलतच होता.

पुढेमागे सरकण्यावर उपाय चाकांपाशी निघाला. एका चाकाला मागून-पुढून पाचर लावण्यापेक्षा, शेजारशेजारच्या दोन टायरांच्या मधल्या जागेत फुली-आकाराचा लोखंडी अडसर घालून तो पान्याने फाकवायचा. दोन्ही टायर एकमेकांना अडवून धरतात. किंगपिनखाली लावायची तिपाई हाही लोकप्रिय उपाय झाला, कारण ती डोळ्यांना मोठी भक्कम दिसते. माझे मत विचाराल तर तिची कीर्ती तिच्या कर्तृत्वाहून मोठी आहे: अधांतरी खोलीचे उडणे ती थांबवते हे मान्य, पण बाजूच्या रेट्यापुढे तिचे पायही नळ्यांचेच.

खरा गुण आला तो तिरप्या आधाराने. चार दांड्यांची चौकट बाजूने ढकलली असता एकाही दांडीची लांबी न बदलता ती तिरकी होते. तीन दांड्यांचा त्रिकोण, एखादी दांडी लांबविल्याखेरीज किंवा आखडल्याखेरीज, आकार सोडत नाही. लांब पायाच्या तळापासून सांगाड्यापर्यंत एक तिरपी नळी कायमची बसवायची, ट्रेलर उभा केल्यावर तिच्यावरचा स्क्रू पिळून ती घट्ट करायची, आणि निघताना सैल सोडायची, एवढीच ही रचना. दोन आडव्या दिशांना अशा नळ्या लागल्या की पायांतली फट निरुपद्रवी होते. नवल याचे वाटते, की कर्टिसने हेच सूत्र आपल्या एरोकारच्या धडात पहिल्यापासून वापरले होते. त्याच्या तारा फक्त ताण सोसत, म्हणून प्रत्येक चौकटीत त्या दोन्ही कर्णांवर ओढाव्या लागत. नळी ताण आणि दाब दोन्ही सोसते, म्हणून एकच पुरते, फरक तो इतकाच. पण घराच्या अंगात जी विद्या होती ती त्याच्या पायांत उतरली नाही, कारण पाय मालवाहू ट्रेलरच्या घराण्यातून आले होते.

इतक्यात घराने आपला विस्तार वाढविला. 1990 साली इंडियाना राज्यातील न्यूमार कंपनीने भिंतीसकट बाहेर सरकणारी खोली आणली, आणि पाहता पाहता एकेका ट्रेलरला तीन-तीन, चार-चार अशा खोल्या आल्या. मुक्कामी बैठकीची खोली ऐसपैस झाली. पण मधल्या अक्षापासून दूर गेलेल्या त्या वजनामुळे हेलकाव्याची जात बदलली. तो अधिक संथ आणि अधिक लांब झाला. खोल्यांच्या खालून टेकू लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण ट्रेलर जरा खचला की टेकूवर अडलेली खोली आपल्या सरकत्या यंत्रणेलाच वाकवते, असा याबाबतीत जाणत्यांचा इशारा आहे.

हेलकावे हा एका रात्रीच्या पाहुण्याला सोसवणारा त्रास आहे. महिनोन् महिने राहणाऱ्याला नाही. म्हणून या विद्येचे खरे पंडित ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात भेटावेत यात आश्चर्य नाही. उत्तरेकडचा हिवाळा चुकविण्यासाठी निवृत्त लोकांचे तांडे तिथे उतरतात, आणि संघराज्याच्या भूव्यवस्थापन खात्याने 1983 पासून त्यांना 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा सात महिन्यांचा परवाना देण्याची पद्धत घातली आहे. वारा मोकळा, जमीन खडीची, आणि पाया म्हणून काही बांधण्याची मुभा नाही. तेव्हा पायांखाली जाड लाकडाचे ठोकळे घालून पायांची लांबी कमी करणे आणि भार रुंद जागेवर पसरणे एवढेच हाती उरते. त्यामानाने कॅलिफोर्नियातील स्लॅब सिटीचे रहिवासी दैवाचे: 1942 साली उभारलेल्या कँप डनलप या नाविक सैनिकांच्या छावणीचे बांधकाम गेले, मागे राहिले ते काँक्रीटचे तळ, आणि त्यांच्यावर ट्रेलर लावणाऱ्यांना सरकारी खर्चाने घातलेला पाया विनामूल्य मिळाला.

अलीकडे महागड्या ट्रेलरना सहा पायांची तेलदाबावर चालणारी व्यवस्था मिळते. कळ दाबली की सहाही पाय उतरतात, पातळी आपोआप साधते, आणि हवे तर चाकेही जमिनीपासून सुटतात. चाके सुटली की टायर आणि कमानपाटे यांचा मऊपणा हिशेबातून जातो, म्हणून काहींना ती निश्चलतेची परिसीमा वाटते. परंतु टायर हवेत गेले की त्यांच्यामधला तो फुलीचा अडसर निरुपयोगी ठरतो, जमिनीला धरून असलेले चाकांचे घर्षण नाहीसे होते, आणि सबंध घर सहा लांब नळ्यांवर चढून बसते. म्हणून अनुभवी मालक पाय उतरवून भार घेतात, पण टायर जमिनीवर टेकलेले ठेवतात, आणि इतका पैसा ओतल्यावरही पायांना तिरप्या नळ्या वेगळ्या विकत घेऊन बसवितात.